‘काही त्रास झाला तर या’ म्हणालो, तिथंच चुकलं

पत्र: नमस्कार डॉक्टर. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. २००६ साली त्यांच्या डाव्या खुब्याचा गोळा बदलला. धातूचा बॉल, प्लास्टिकची वाटी. गेली १९ वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही, रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात. मात्र तीन-चार महिने झाले, खुर्चीतून उठताना जांघेत चमक निघते. चार पावलं टाकली की थांबते. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, प्लास्टिक झिजलंय, वाटीच्या वरचं हाड खाल्लं गेलंय, परत ऑपरेशन करावं लागेल. दुसरे म्हणाले, दुखणं फार नाही, वर्षभर थांबून बघू. सासूबाईंचं म्हणणं, ‘मले चालता येते, मंग काहून कापाकापी?’ आमच्या ह्यांना वाटतं कंपनीचा मालच खराब होता, मागे पेपरात आलं होतं, तर भरपाई मागावी. दीर पुण्याहून फोन करून सांगतात, रक्तातलं कोबाल्ट तपासा आणि या वेळी सिरॅमिकच टाका, म्हणजे कायमचं काम. कोणाचं ऐकावं? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते ‘१९ वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही’ हे वाक्य. या १९ वर्षांत आजींचे किती एक्स-रे निघाले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, एकही नाही. त्यात तुमचा दोष नाही. आम्ही हाडाचे डॉक्टर टाके काढताना पेशंटला हसून सांगतो, ‘छान झालंय, आता काही त्रास झाला तरच या.’ मीही कित्येक वर्षं हेच सांगत आलो. पेशंट खूश व्हायचा, ओपीडीतली गर्दी कमी व्हायची. पण खुब्याच्या बाबतीत हे वाक्य चूक आहे, कारण प्लास्टिक झिजताना दुखत नाही. हाड पोखरलं जातानाही बहुधा दुखत नाही. दुखायला लागतं ते पोखरलेल्या हाडात वाटी हलायला लागली की. म्हणजे त्रास झाल्यावर जो येतो तो उशिराच आलेला असतो.

हे असं का, ते जात्यावरून सांगतो. तुमच्या सासूबाईंना तर लगेच कळेल. जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं पीठ फेकून द्यायचे, आठवतं का विचारा त्यांना. दगडाची कच असायची त्यात. खुब्यातही तसंच, गुळगुळीत धातूचा बॉल प्लास्टिकच्या वाटीत फिरतो आणि दर पावलाला डोळ्याला न दिसणारी कच पडते. एकेका पावलाला लाखांच्या घरात कण, बरेचसे एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, बारीक. जात्यावरची बाई ते पीठ फेकून देऊ शकायची, शरीराला ती सोय नाही. रक्तातल्या भक्षक पेशी त्या कणांना जंतू समजून गिळतात. पॉलिइथिलीन काही पचत नाही. मग त्या पेशी चिडून जी रसायनं सोडतात, त्यानं हाड खाणाऱ्या पेशींना जोर चढतो, आणि वाटीच्या मागचं आणि बॉल ज्यावर बसतो त्या मांडीच्या हाडातल्या दांड्याच्या बाजूचं चांगलं हाड विरघळायला लागतं. म्हणून लक्षात घ्या, जातं झिजलं ही अडचण छोटी आहे. खरी अडचण त्या पिठाची आहे.

हे कळायलाही डॉक्टरांना बराच काळ लागला. सुरुवातीला हा सगळा दोष सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटवर टाकला गेला होता, ‘सिमेंटचा आजार’ असं नावही पडलं होतं त्याला. पुढे बिनसिमेंटच्या सांध्यांतही हाड तसंच पोकळ झालेलं दिसलं, तेव्हा कुठे बोट प्लास्टिकच्या कणांकडे वळलं.

आजींच्या खुब्याचा मूळ आराखडा ज्यांचा, त्या इंग्लंडच्या जॉन चार्नली यांची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण त्यांनीही आधी आपटीच खाल्ली होती. आधी त्यांनी वाटी टेफ्लॉनची केली, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. घर्षण एकदम कमी, पेशंट खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून भोकं पडायला लागली आणि सांध्याभोवती गाठी धरल्या. त्यांनी ती ऑपरेशनं पुन्हा केलीच, शिवाय टेफ्लॉनची पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर तिच्यावर कसं उठतं तेही पाहिलं. नंतर १९६२ साली विणकामाच्या यंत्रांच्या भागांसाठी वापरलं जाणारं एक चिवट प्लास्टिक त्यांच्या प्रयोगशाळेत आलं. म्हणजे एम्प्रेस मिलसारखी कापडगिरणी पाहिलेल्या आपल्या नागपूरला परकं वाटू नये असंच मूळ आहे ते. हेच ते पॉलिइथिलीन, आजही बहुतेक खुब्यांत तेच आहे. जुन्या पद्धतीचं हे प्लास्टिक वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिजायचं. १९ वर्षांनी गुणा, दोन ते चार मिलिमीटर होतात. ऐकायला काहीच नाही, पण वाटीच्या बाहेरच्या धातूच्या कवचात बसवलेलं हे प्लास्टिकचं अस्तरच मुळात काही मिलिमीटर जाड असतं.

आता तुमच्या यजमानांच्या मुद्द्यावर येतो. पेपरात आलं होतं ते खरं, पण ते प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०१० मध्ये सांधे बनवणाऱ्या डेप्यू कंपनीनं ‘एएसआर’ नावाचे सांधे जगभरातून परत मागवले. त्यात प्लास्टिक नव्हतंच. धातूचा मोठा बॉल थेट धातूच्या उथळ वाटीत फिरायचा, आणि वाटी जरा तिरकी बसली तरी कडेवर घासून कोबाल्ट-क्रोमियमची पूड निघायची. काही पेशंटांच्या सांध्याभोवतीचं स्नायू-मांस मेलं, रक्तात कोबाल्ट चढलं. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. केंद्र सरकारच्या समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला आणि नंतर भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. यजमानांच्या डोक्यात बहुधा हाच आकडा बसला असणार.

पण आजींच्या वाटीत प्लास्टिक आहे. खात्री घरीच करता येते. एक्स-रेत प्लास्टिक दिसत नाही, त्यामुळे पांढराशुभ्र बॉल आणि वाटीची पांढरी कड यांच्यामध्ये काळसर पट्टा दिसतो. धातूवर धातू असेल तर मोठा बॉल वाटीला जवळजवळ चिकटलेला दिसतो, मध्ये पट्टा नाही. तुमच्या डॉक्टरांनी ‘प्लास्टिक झिजलंय’ म्हटलं, म्हणजे त्यांना तो पट्टा दिसला. आणि १९ वर्षांनी झिजणं म्हणजे माल खराब, असंही धरता येत नाही. वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला हिशेब असा, की बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ७० टक्के २० वर्षं टिकतात आणि सुमारे ५८ टक्के २५ वर्षं. आजींचा सांधा म्हणजे काही अडल्या नारायणाला मिळालेला फसवा माल नव्हता. त्याचं आयुष्य तो जगला. वकिलाचा खर्च वाचवा.

दिरांच्या कोबाल्टच्या तपासणीबद्दल थोडक्यात. ती मुख्यतः धातूवर धातू असलेल्यांसाठी. तिथे लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की जास्त तपास करतात. प्लास्टिकच्या वाटीतही बॉल जिथे दांड्याच्या मानेवर ठोकून बसवलेला असतो, त्या जोडात क्वचित गंज धरतो आणि कोबाल्ट सुटतं. म्हणून सर्जनला एकदा विचारा, त्यांना सांध्याभोवती सूज किंवा गाठ दिसत असेल तर करून घ्या. नुसत्या फोनवरच्या सल्ल्यावरून लॅबमध्ये धावू नका.

त्याआधी एक तपासणी जास्त गरजेची आहे आणि ती तुमच्या पत्रात कुणीच काढलेली नाही, म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग आहे का. जुन्या खुब्यात नवं दुखणं आलं की हा प्रश्न पहिला. दाढ दुखली, लघवीला जळजळ झाली, पायाला जखम झाली, मधुमेह असेल तर अधिकच, तिथले जंतू रक्तातून येऊन धातूवर बसतात आणि महिनोन् महिने गुपचूप राहतात. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासण्या आधी करा. आकडे वाढलेले असले तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवतात. आणि हे पाणी निघेपर्यंत घराजवळच्या डॉक्टरकडून अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका, कृपा करून. त्यानं जंतू लपतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. मी हा घोळ इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याची चीडही येत नाही, नुसता थकवा येतो.

आता त्या दोन डॉक्टरांकडे वळू. ‘थांबून बघू’ हा सल्ला नेहमी आळशी नसतो. हाडात छोटी पोकळी आहे, पेशंटला काही वाटत नाही, तर सहा-सहा महिन्यांनी एक्स-रे काढून लक्ष ठेवणं योग्यच. पण आजींना आता दुखतंय, आणि ते ज्या तऱ्हेनं दुखतंय ती तऱ्हा बोलकी आहे. उठताना पहिल्या पावलाला चमक आणि चालल्यावर कमी, हे सैल झालेल्या भागाचं लक्षण असतं. जांघेत दुखलं तर बहुधा वाटी, मांडीत दुखलं तर बहुधा दांडा. मी आजींना तपासलेलं नाही, पण पत्रावरून माझा संशय वाटीवर आहे. म्हणून वर्षभर थांबणं मला पटत नाही. त्याच वेळी ‘उद्याच दाखल व्हा’ असंही नाही. काही आठवड्यांत नीट तपासणी करून निर्णय घ्यावा, एवढी सवड आहे. सीटी स्कॅन करून घ्या. साध्या एक्स-रेत हाड जितकं गेलेलं दिसतं, त्याहून प्रत्यक्षात बरेचदा जास्त गेलेलं असतं. सीटी सांगतानाच सांगा की आत धातू आहे, म्हणजे धातूची चमक कमी करणाऱ्या पद्धतीनं काढतील.

हाड शिल्लक असताना केलेलं ऑपरेशन आणि हाड संपल्यावर केलेलं ऑपरेशन यांत फार अंतर आहे. वाटीचं बाहेरचं कवच अजून हाडात पक्कं असेल तर आतलं अस्तर आणि बॉल बदलून, मागच्या पोकळीत हाडाचा भराव घालून भागतं. कवच हललं असेल तर पूर्ण वाटी बदलावी लागते. आणखी थांबलात आणि उरलंसुरलं हाड मोडलं, तर जाळ्या, प्लेटा, मोठे दांडे असा सगळा पसारा होतो, आणि ७१ च्या वयात तो पसारा कुणालाच नको असतो. अस्तर बदलण्याचं छोटं काम असलं तरी त्यानंतर बॉल निखळण्याचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

मध्येच एक सांगून घेतो, कारण हे सदर वाचणाऱ्यांत सगळे सत्तरीचे नाहीत. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून पंचविशी-तिशीतल्या पोरांचे सांधे बदलावे लागतात. कोविडच्या काळात स्टेरॉइडचे मोठे डोस घेतलेल्यांतही गोळा सुकलेले तरुण पाहिले. त्यांना या सांध्यावर चाळीस-पन्नास वर्षं काढायची आहेत. त्यांनी तर ‘त्रास झाला तर या’ हे वाक्य डॉक्टरनं उच्चारताच तिथल्या तिथे पुढच्या एक्स-रेची तारीख लिहून मागावी. पहिल्या वर्षी, मग दोन-तीन वर्षांच्या अंतरानं, आणि दहा वर्षं उलटल्यावर जरा लवकर लवकर.

सिरॅमिकबद्दल दिरांचा उत्साह मी समजू शकतो. फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी १९७० मध्ये पहिला सिरॅमिकवर सिरॅमिक खुबा बसवला, आणि आजचं सिरॅमिक त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. झीज जवळजवळ नाहीच. पण ‘कायमचं’ हा शब्द सोडा. ते क्वचित फुटतं, आणि फुटलं की काचेसारखे तुकडे सगळ्या सांध्यात पसरतात. पुढच्या ऑपरेशनमध्ये कितीही धुतलं तरी बारीक कण राहतात, आणि मग धातूचा बॉल घातला तर ते कण त्याला ओरखडून काढतात. काही जणांचा सिरॅमिक सांधा चालताना किर्र-किर्र वाजतो. बागेतल्या बाकावरच्या मैत्रिणींना तो विनोद वाटेल, आजींना वाटणार नाही.

त्यांच्या वयाला माझी पसंती दुसऱ्या जोडीला आहे. बॉल सिरॅमिकचा आणि अस्तर नव्या, घट्ट जाळं विणलेल्या पॉलिइथिलीनचं. हे प्लास्टिक किरणांनी असं बदललेलं असतं की त्याची झीज जुन्याच्या मानानं अगदी थोडी, वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांश भागांपुरती. परदेशात ते १९९० च्या दशकाच्या शेवटी आलं, त्यामुळे २००६ सालचा आजींचा सांधा त्या नव्या प्लास्टिकचा असूही शकतो. म्हणूनच कंपनी आणि मॉडेल कळणं महत्त्वाचं. जुना दांडा तसाच ठेवून त्यावर सिरॅमिकचा बॉल बसवायचा असेल, तर मध्ये टायटॅनियमची बाही लागते, कारण वापरलेल्या धातूवर ओरखडे असतात आणि त्या ओरखड्यांवर बसलेलं सिरॅमिक तडकू शकतं. सर्जननं हे आपणहून सांगितलं तर समजा, माणूस या कामात मुरलेला आहे.

मुरलेला असणं इथे सगळ्यात महत्त्वाचं. पहिला खुबा बदलणारे धंतोली-रामदासपेठेत पुष्कळ आहेत, पुन्हा बदलणारे त्यामानानं कमी. वर्षाला किती पुनर्शस्त्रक्रिया करता, हे सरळ विचारा. चांगला सर्जन रागावत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मिहानच्या एम्सच्या अस्थिरोग विभागात तिसरं मत घ्यायलाही हरकत नाही, सकाळी लवकर नंबर लावण्याची तयारी ठेवा फक्त.

त्याआधी घरातलं एक काम. गोदरेजच्या कपाटातली २००६ ची फाइल काढा. त्या वेळच्या ऑपरेशनच्या कागदावर किंवा डिस्चार्ज कार्डावर बारीक स्टिकर चिकटवलेले असतात, त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि नंबर असतो. ते मिळालं तर सर्जनला आधीच कळतं की त्या कवचात बसणारं अस्तर बाजारात अजून मिळतं का. मिळत नसेल तर जुन्या कवचात नवं अस्तर सिमेंटनं बसवायचं की सगळंच काढायचं, हा विचार टेबलावर पेशंट झोपलेला असताना करावा लागू नये. फाइल नसेलच तर जुन्या दवाखान्यात चौकशी करा. तिथेही नसेल तर अनुभवी डोळा एक्स-रेवरून बरंच ओळखतो.

राहता राहिल्या आजी. त्यांना ‘हाड खाल्लं जातंय’ वगैरे सांगून घाबरवू नका, त्यानं त्या अजून हटून बसतील. फाइलमध्ये ऑपरेशननंतरचा जुना एक्स-रे सापडला तर तो आणि आताचा, दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी धरा. जुन्यात बॉल वाटीच्या बरोबर मधोमध असेल, वर-खाली सारखा काळा पट्टा. आताच्यात बॉल वर सरकलेला असेल, वरचा पट्टा बारीक आणि खालचा रुंद. काहीही न बोलता बघू द्या त्यांना. आयुष्यभर भाकरीची जाडी नजरेनं मोजलेल्या बाईला पट्ट्यातला हा फरक कळायला डॉक्टर लागत नाही.

आणि त्या विचारतीलच की फिरायला परत कधी. फक्त अस्तर बदललं तर लवकर, पूर्ण वाटी बदलली तर सहा आठवडे तरी वॉकर आणि पायावर बेताचाच भार. घरात कमोड नसेल तर आधी बसवून घ्या, असेल तर त्यावर उंच सीट लावा. बॉल बहुतेक वेळा खाली वाकताना आणि बुटक्या खुर्चीतून उठताना निखळतो. महालक्ष्म्यांच्या वेळी पाटावर बसायचा हट्ट त्यांनी १९ वर्षं केला नसेल असं धरतो. केला असेल तर सर्जनला खरं सांगा. आणि तारीख ठरवताना जमलं तर ते सहा आठवडे एप्रिल-मेमध्ये येऊ द्या. त्या दिवसांत नागपुरात सकाळी आठलाच ऊन चटके देतं, अंबाझरीच्या मैत्रिणीही तेव्हा घरातच असतात.